उचललेले सुकाणू

नदीकाठच्या एका गावात एक दस्तलेखक होते. त्यांची ख्याती अशी की एकतीस वर्षांत त्यांच्या हातून कागदावर एकदाही खाडाखोड झाली नव्हती. आता तुम्ही म्हणाल, त्यात काय मोठेसे! पण ज्याने एकदा तरी मुद्रांकाच्या कागदावर खरेदीखत लिहवून घेतले आहे, त्याला विचारा. गट क्रमांकातला एक आकडा इकडचा तिकडे झाला की अख्खा कागद बाद, आणि वर भावाभावांत कज्जा. म्हणून हे गृहस्थ प्रत्येक ओळ एकदा मनात, एकदा ओठांत आणि मग कागदावर, अशी तीनदा लिहीत. गाव त्यांना भाऊसाहेब म्हणे, आणि त्या म्हणण्यात खराखुरा आदर होता.

मग कचेरीत संगणक आला. भाऊसाहेबांना कोणी 'उठा' म्हटले नाही. लोकांची पावलेच तेवढी दुसरीकडे वळली. कचेरीसमोरच्या चिंचेखाली त्यांचे टेबल असे. एका सोमवारी सकाळपासून संध्याकाळपर्यंत त्या टेबलाशी एकही माणूस आला नाही, आणि पुढचा आठवडाही तसाच गेला. शेवटी त्यांनी स्वतःच ते टेबल हातगाडीवर घालून घरी आणले. इतक्या वर्षांचे टेबल गेले कुठे, असे गावात कोणी विचारलेसुद्धा नाही. भाऊसाहेबांना लागले ते हेच. काम गेल्याचे दुःख माणूस पचवतो; पण आपल्यावाचून कोणाचे काही अडत नाही, हे एकदा मनात बसले की सहजासहजी निघत नाही.

दोन वर्षे ते घरात बसून राहिले. त्यांच्या पत्नी मनोरमाबाई स्वभावाने स्पष्टवक्त्या. एका सकाळी त्यांनी चहाचा कप जरा आवाज करूनच पुढ्यात ठेवला.

"दोन वर्षांत तुम्ही माझ्याशी मोजून तीन वाक्यं बोललात," त्या म्हणाल्या, "आणि त्यातली दोन आमटीत मीठ कमी आहे ही. देवळाच्या फळ्यावर लिहिलंय, होडीच्या क्लबात एक माणूस कमी पडलाय. जा आणि नाव घाला."

"मी? अहो, अठ्ठावन्न वर्षं वय माझं."

"मग? होडीला काय तुमची पत्रिका दाखवायचीय? पोहता येतं ना? जा."

भाऊसाहेब गेले. खरे सांगायचे तर, घरातली बोलणी चुकवायला गेले.

त्या गावाचा क्लब म्हणजे काही मोठे प्रस्थ नव्हते. कागदोपत्री त्याला 'नौका मंडळ' असे भारदस्त नाव होते, पण प्रत्यक्षात एक लांब होडी, घाटावरची एक पत्र्याची शेड आणि आठ वल्ही, एवढाच पसारा. वल्हवणाऱ्यांत सावळाराम कुंभार होता, बालवाडीच्या बाई होत्या, गुरांच्या दवाखान्यातला कंपाउंडर होता, केशकर्तनालय चालवणारे दोघे भाऊ होते. आणि होडीच्या मागच्या टोकाला, लांब दांड्याचे सुकाणू धरून, आबा उभे राहत. आबांचे वय पंच्याहत्तरीच्या घरात. पूल होण्यापूर्वी नदीवर त्यांची नाव चालायची. पूल झाला तशी नाव बसली. सहा महिने ते घाटावर नुसते बसून राहिले, आणि मग एके दिवशी उठून त्यांनी हा क्लब काढला. आबा बोलत थोडे, आणि बोलले तरी पाण्याविषयीच.

"चाळीस दिवस या," त्यांनी भाऊसाहेबांना सांगितले. "मार्गशीर्षातल्या पौर्णिमेला आपण देवळातल्या पादुका होडीतून पैलतीरी नेतो. तो तुमचा चाळिसावा दिवस. त्या दिवशी वल्हं तुमच्या नावाचं झालं, तर तुम्ही क्लबातले. नाही झालं, तर पुढच्या वर्षी बघू."

भाऊसाहेबांनी मान डोलावली. पहिल्या दिवशी त्यांना त्या वल्ह्याचे काहीच वाटत नव्हते. चौथ्या दिवशी मात्र त्यांच्या ध्यानात आले की आपण पहाटे घड्याळाचा गजर होण्याआधीच उठून बसलो आहोत.

त्याचे कारण वल्हवणे नव्हते. वल्हवणे तर त्यांना अजिबात जमत नव्हते! होडीत बसायचे ते पाठ पुढे आणि तोंड मागे, आबांकडे. आबा "हो...हे!" असा ताल देत, आणि त्या तालावर आठ वल्ही एकदम पाण्यात जायला हवीत, एकदम बाहेर यायला हवीत. भाऊसाहेबांचे वल्हे कधी आधी जाई, कधी मागून येई, कधी पाण्याला न लागताच हवेत फिरे. पण होडी काठाला लागली की शेडमध्ये सगळे गोल बसत, गूळ-शेंगदाण्यांची पुरचुंडी सुटे, आणि गप्पा सुरू होत. कंपाउंडरच्या म्हशीपासून बालवाडीच्या बाईंच्या बदलीपर्यंत कुठलाच विषय वर्ज्य नसे. "भाऊसाहेब, तुमचं काय मत?" असे कोणीतरी विचारी. दोन वर्षांत त्यांना त्यांचे मत कोणी विचारले नव्हते. घरी आल्यावर ते मनोरमाबाईंना सगळे सांगत बसत, आणि ती माउली कामाचा खोळंबा करून ऐकत बसे. हे सगळे आपल्याला चाळिसाव्या दिवसानंतरही हवे आहे, हे भाऊसाहेबांना फार लवकर कळून चुकले. आणि हवे असलेले जाईल की काय, ही धास्तीही त्याच वेळी मनात शिरली.

आता त्या क्लबाची एक रीत सांगायला हवी, कारण पुढचे सगळे तिच्यावरच आहे. गुळाचा खडा उचलण्याआधी प्रत्येकाने त्या दिवशीच्या आपल्या चुका सांगायच्या. "आज माझी दोन चुकली." "माझी पाच चुकली." आणि प्रत्येकाच्या बोलण्यावर बाकीच्यांनी एका सुरात म्हणायचे, "पाण्यात गेली!" झाले, विषय संपला.

भाऊसाहेबांची पाळी आली की ते प्रामाणिकपणे सांगत, "आज माझी सव्वीस चुकली."

"पाण्यात गेली!" सगळे म्हणत, आणि सव्वीस या आकड्यावर कोणीतरी खुदकन हसेही. ते हसणे प्रेमाचेच होते. पण एकतीस वर्षे ज्याने एक काना इकडचा तिकडे होऊ दिला नाही, त्याच्या काळजाला ते हसणे बोचे. त्यांना वाटे, ही मंडळी आपली थट्टा करतात.

आठव्या दिवशी कहर झाला. पैलतीरच्या गावाची होडी आली होती. सहज गंमत म्हणून शर्यत लागली. आपली होडी हातभर पुढे होती. इतक्यात भाऊसाहेबांचे वल्हे पाण्यात खोल गेले आणि तिथेच रुतले. ते उपसायला त्यांनी जो हिसका दिला, त्यासरशी वल्ह्याची मूठ समोर बसलेल्या सावळारामच्या पाठीत बसली. सावळारामचा ताल चुकला, त्याच्या पुढच्याचा चुकला, आणि होडी भर नदीत उभी राहिली. पैलतीरचे लोक टाळ्या पिटत पुढे निघून गेले.

"लागलं का रे फार?" भाऊसाहेबांनी विचारले.

"छे हो! आमची पाठ घडीव आहे," सावळाराम हसून म्हणाला.

पण भाऊसाहेबांना त्या रात्री जेवण गेले नाही. आपण यांची होडी बुडवणार, असे ते पत्नीला म्हणाले. "बुडली तर पोहत या," त्या म्हणाल्या. पण नवऱ्याचा चेहरा पाहून त्यांनी पुढे थट्टा केली नाही.

नवव्या दिवशी भाऊसाहेबांना एक युक्ती सुचली. वल्ह्याचे पाते पाण्यात पुरते बुडवायचेच नाही. वरच्यावर दोन बोटांएवढेच भिजवायचे. पाण्याचा आवाज होतो, थेंब उडतात, अंग पुढेमागे हलते, बघणाऱ्याला वाटते काय झकास मारतोय! पाते रुतण्याचा प्रश्न नाही, ताल चुकण्याचा प्रश्न नाही. ओढायचेच काही नसेल तर चुकणार काय? त्या दिवशी शेडमध्ये त्यांची पाळी आली तेव्हा ते म्हणाले, "आज माझं एकही चुकलं नाही."

सगळ्यांनी आबांकडे पाहिले. मग आबा म्हणाले, "बरं." आणि गुळाचा खडा त्यांच्या हातावर ठेवला.

दुसऱ्या दिवशीही एकही नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. असे दिवसामागून दिवस गेले. बालवाडीच्या बाई म्हणाल्या, "भाऊसाहेब, तुमचा ताल बाकी आमच्यापेक्षा चांगला झाला हं." भाऊसाहेब हसले, पण तो गूळ त्यांना गोड लागेना. खोटे बोलायची सवय नसलेल्या माणसाला खोटे फार महाग पडते. आपण होडीत बसतो ते ओझे म्हणून, हे त्यांना पुरते ठाऊक होते. पण खरे मारायला जावे तर पुन्हा रुतणार, पुन्हा कोणाच्या तरी पाठीत बसणार, आणि मग चाळिसाव्या दिवशी आबा म्हणणार, पुढच्या वर्षी बघू. पुढचे वर्ष! पुन्हा त्या घरातल्या खुर्चीत जाऊन बसायचे! म्हणून ते दोन बोटे भिजवत राहिले आणि पौर्णिमेपर्यंतचे दिवस मोजत राहिले.

या काळात आबा रोज काठावर उतरले की उजवा खांदा चोळत बसत. कंपाउंडर त्यांना कसलेसे तेल आणून देई. सावळारामच्या तळहातांना भेगा पडल्या होत्या. भाऊसाहेबांनी हे पाहिले होते. पण म्हातारपण म्हटले की खांदा दुखायचाच आणि कुंभाराचे हात फुटायचेच, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली. माणूस स्वतःची समजूत घालण्यात मोठा हुशार असतो.

एकोणचाळिसावा दिवस उजाडला. नदीवर धुके होते आणि घाटावर धुणे धुवायला आलेल्या बायकांचे आवाज तेवढे येत होते. होडी मधल्या डोहात आली. तो डोह चांगला ऐसपैस, पाणी संथ, ओढ नाही, खडक नाही. तिथे आबांनी एक विचित्र गोष्ट केली. त्यांनी सुकाणू पाण्यातून उचलले, होडीत आडवे ठेवले, आणि हाताची घडी घालून स्वस्थ उभे राहिले.

"आबा, हे काय?" कंपाउंडर म्हणाला.

"आज सुकाणू नाही," आबा म्हणाले. "तुम्ही वल्ही मारा. थांबायचं नाही."

ताल सुरू झाला. दहा-बारा वल्ही मारून होतात न होतात, तोच होडी डावीकडे कलंडल्यासारखी वळू लागली. वळता वळता तिने तोंड पार फिरवले आणि जिथून निघाली तिथेच परत आली. मग दुसरी फेरी सुरू झाली. आबा मख्खपणे ताल देत होते. "हो...हे!" होडी आपली गोल गोल फिरते आहे आणि आठ शहाणी माणसे घाम गाळून तिला फिरवताहेत, असे ते दृश्य होते.

विरळ धुक्यातून होडी दिसताच घाटावरून एक बाई ओरडली, "अगं बाई, ही होडी काय तेलाच्या घाण्याला जुंपली का काय!" बाकीच्या खिदळल्या.

पहिल्या फेरीला भाऊसाहेबांना वाटले, पाण्याला ओढ असेल. पण डोहात ओढ कुठली? दुसऱ्या फेरीला वाटले, होडीच एका अंगाला झुकली असेल. पण काल तर ती सुतासारखी सरळ चालत होती. तिसऱ्या फेरीला त्यांनी सवयीप्रमाणे मोजायला घेतले. उजव्या बाजूला वल्ही चार. डाव्या बाजूला वल्ही... आणि ते मध्येच थांबले. डाव्या बाजूला ते स्वतः बसले होते.

त्यांच्या कानांच्या पाळ्या तापल्या. होडी ज्या बाजूला वल्ह्यांचा जोर कमी त्या बाजूला वळते, हे आठ दिवसांच्या शिकाऊ माणसालाही कळते. म्हणजे हे सगळ्यांना कळत होते! आणि रोज होडी सरळ जात होती ती कशी, तेही त्यांना त्याच क्षणी उमगले. आबांचा खांदा कशाने धरला, सावळारामचे हात कशाने फुटले, ते आता कोणी सांगायची गरज नव्हती. त्यांनी आबांकडे पाहिले. आबा धुक्याकडे पाहत होते. त्यांनी बाकीच्यांकडे पाहिले. एकही जण त्यांच्याकडे पाहत नव्हता. सगळे आपापले वल्हे मारत होते, आणि होडी चौथ्या फेरीला लागली होती.

त्या वेळीही त्यांना दोन बोटे भिजवत बसता आले असते. कोणी काही बोलले नसते. पण समोर सावळारामच्या मानेवरून घामाचा ओघळ उतरताना त्यांना दिसला, आणि त्यांना स्वतःची शिसारी आली. त्यांनी डोळे मिटले आणि पाते थेट पाण्यात घातले, पुरते, जेवढे जाईल तेवढे.

व्हायचे तेच झाले. वल्हे रुतले, हिसका बसला आणि मूठ सावळारामच्या पाठीत गेली.

"मेलो!" भाऊसाहेबच ओरडले.

"चालू द्या, भाऊसाहेब!" सावळाराम मागे न बघता म्हणाला. "थांबू नका!"

ते थांबले नाहीत. पुढचे वल्हे उशिरा पडले. त्याच्या पुढचे वेळेवर पडले. मग एक चुकले, मग दोन बरोबर गेली, मग भसकन पाणी उडून केशकर्तनालयवाला थोरला भाऊ नखशिखांत भिजला. पण होडीचे नाक हळूहळू सरळ होऊ लागले. ती वेडीवाकडी, इकडे हातभर तिकडे हातभर करत, पण गोल न फिरता पैलतीराकडे निघाली. आबांनी सुकाणू शेवटपर्यंत हातात घेतले नाही. होडी वाळूला लागली तेव्हा सगळ्यांना धाप लागली होती, आणि भाऊसाहेबांच्या तळहाताला पहिला फोड आला होता.

वाळूवर सगळे गोल बसले. भाऊसाहेब मात्र उभेच राहिले. आयुष्यात त्यांनी शेकडो कबुलीजबाब लिहून दिले होते, पण स्वतःचा एकही दिला नव्हता.

"आबा," ते म्हणाले, "आज माझी किती चुकली ते मला मोजता आलं नाही. पण त्याआधीची सांगतो. महिना झाला, मी वल्हं मारलेलंच नाही. नुसतं पाणी उडवत होतो. तुमच्यासमोर बसून रोज खोटं बोललो. माझं ओझं तुम्ही लोकांनी ओढलंत."

ते बोलून झाले, आणि आता काय होईल म्हणून मान खाली घालून राहिले.

"पाण्यात गेली!" सातही जण एका सुरात म्हणाले.

"अहो, थट्टा करू नका हो," भाऊसाहेब काकुळतीला येऊन म्हणाले. "मी खरं सांगतोय."

"आम्हीही खरंच सांगतोय," आबा म्हणाले. "बसा खाली. इतके दिवस तुम्हाला ते ऐकू आलं, पण पोचलं नाही. भाऊसाहेब, तुम्ही जन्मभर कागदावर लिहिलंत. तिथं एक अक्षर चुकलं की कागद बाद. म्हणून तुम्ही जपून लिहायला शिकलात, आणि ते योग्यच होतं. पण पाणी म्हणजे मुद्रांकाचा कागद नव्हे. चुकलेल्या वल्ह्याची खूण पाण्यावर राहत नाही. पुढचं वल्हं पडायच्या आत नदी ते विसरलेली असते. तुमची सव्वीसच्या सव्वीस वल्ही तिनं त्याच दिवशी पोटात घातली. पाण्यात एकच वल्हं उरतं, जे मारलंच नाही ते. कारण ते दुसऱ्या कुणाला तरी मारावं लागतं."

भाऊसाहेब खाली बसले. आणि मग त्यांना एकदम लक्षात आले की छातीवर महिनाभर ठेवलेला धोंडा तिथे नाही. लपवायचे काही उरलेच नव्हते! सगळ्यांना सगळे ठाऊक होते, आणि सगळे इथेच बसले होते, शेंगदाणे सोलत. त्यांना हसू फुटले. ते इतके हसले की बालवाडीच्या बाईंनी त्यांना पाण्याची बाटली दिली.

"उद्या मात्र मला काठावर ठेवा," हसू आवरल्यावर ते म्हणाले. "पादुका न्यायच्या आहेत. उगीच विघ्न नको."

"वा! तुम्हाला काठावर ठेवलं तर होडी परत गोल फिरेल," सावळाराम म्हणाला. "देवाला चक्कर आणायचीय का?"

दुसऱ्या दिवशी पौर्णिमा. घाटावर सगळे गाव लोटले होते. पादुका होडीत आल्या, देवळाचे गुरुजी त्या मांडीवर घेऊन मध्ये बसले, आणि आठ वल्ही पाण्यात पडली. भाऊसाहेबांच्या हाताला फडके गुंडाळलेले होते. त्यांचे पहिले वल्हे चुकले, नववे चुकले, आणि नदीच्या बरोबर मध्यावर एक असे चुकले की गुरुजींच्या अंगावर ओंजळभर पाणी आले. "तीर्थ समजतो," गुरुजी शांतपणे म्हणाले. पण प्रत्येक वल्हे पुरते पाण्यात गेले. आबांचे सुकाणू हातात हलके राहिले. होडी सरळ गेली आणि सरळ लागली.

पैलतीरी आरती झाल्यावर आबांनी एक नवे वल्हे भाऊसाहेबांच्या हातात दिले. दांड्यावर त्यांचे नाव कोरलेले होते. कोरीव अक्षरे जरा वाकडीच होती. भाऊसाहेबांनी ती अक्षरे बोटाने चाचपली, आणि आश्चर्य असे की त्यांना ती सुधारावीशी वाटली नाहीत.

गर्दी पांगली. आबा आणि भाऊसाहेब पैलतीरच्या घाटाच्या पायऱ्यांवर बसले. भाऊसाहेबांच्या मनात एकच गोष्ट सलत होती.

"आबा, एक विचारू? तुम्हाला कळलं कधी?"

"त्याच दिवशी. सुकाणू धरणाऱ्याला कळतंच. तुमच्या वल्ह्याचा आवाज येत होता, पण सुकाणूवर जोर पडत होता."

"मग महिनाभर बोलला का नाहीत?"

आबांनी खांदा जरा हलवून पाहिला.

"ती माझी चूक झाली," ते म्हणाले. "त्या शर्यतीच्या दिवशी तुमचा चेहरा असा होता की बोललो तर तुम्ही उठून जाल, आणि परत यायचे नाहीत. म्हटलं, घेऊ सांभाळून. मी सुकाणू दाबत राहिलो, सावळाराम दोघांचं ओढत राहिला, आणि आम्हाला वाटत राहिलं की आपण मोठं चांगलं काम करतोय. परवा तेल चोळता चोळता ध्यानात आलं. अरे, या माणसाला आपण रोज सकाळी नदीवर बोलावतो आणि रोज एकच गोष्ट दाखवतो, की तुम्ही वल्हं मारलं नाहीत तरी होडी सरळ जाते. तुमच्यावाचून काही अडत नाही. आणि ते धडधडीत खोटं होतं, भाऊसाहेब. पहिल्या दिवसापासून अडत होतं."

भाऊसाहेबांनी नदीकडे तोंड फिरवले आणि उपरण्याने डोळे पुसले. दोन वर्षे त्यांच्या आत काहीतरी मुठीसारखे आवळलेले होते. ते आता सैल होत चालल्याचे त्यांना स्पष्ट जाणवत होते. खालून कंपाउंडर परतीसाठी हाका मारत होता. ते उठले आणि पायऱ्या उतरून होडीत आपल्या जागी, डाव्या बाजूला, जाऊन बसले.

आपल्या घरातल्या, कचेरीतल्या एखाद्या गप्प गप्प माणसाचे काम आपण मायेने स्वतःच उरकून टाकत असू, तर अधूनमधून सुकाणू उचलून ठेवावे. होडी त्याच्या बाजूला वळते आहे, हे त्याला दिसायला हवे.